बिल्डर येईपर्यंत

आमच्या पार्ल्यात, म्हणजे पूर्वेला, दोनच प्रकारच्या इमारती आहेत. रिडेव्हलपमेंटला गेलेल्या आणि रिडेव्हलपमेंटला जाणाऱ्या. दुसऱ्या प्रकारात राहणाऱ्या माणसाला साधा नळाचा वॉशर बदला म्हटलं तरी तो आधी छताकडे बघतो, मग तुमच्याकडे बघतो आणि म्हणतो, "आता कशाला? जाणारच आहे." या "जाणारच आहे"च्या जोरावर हनुमान रोडपासून दीक्षित रोडपर्यंत कित्येक भिंतींचा रंग राहिलाय, खिडक्यांचे गज गंजलेत, मुलांची लग्नं होऊन नातवंडं शाळेत जायला लागली तरी न्हाणीघराचं दार तळाशी कुजलेलंच आहे. या सगळ्याने फार तर पाहुण्यांसमोर लाज जाते. पण याच यादीत वायरिंगही आहे, आणि ते लाजेवर थांबत नाही.

बिल्डर येत नाही असं नाही. येतो. सोबत गुळगुळीत कागदावरचं चित्र आणतो. चित्रात आपल्या इमारतीच्या जागी काचेचा मनोरा, खाली हिरवळ आणि हिरवळीवर पार्ल्यात कधीच न दिसलेली माणसं. मग सभा. कार्पेट किती, कॉर्पस किती, भाडं किती, ७९अ, ५१ टक्के संमती. ज्यांना स्वतःच्या नातवाचा वाढदिवस आठवत नाही त्यांना एफएसआय दशांश चिन्हासकट पाठ असतो. सगळं जुळत आलं की कुणीतरी वर बोट दाखवतं. वरून विमान जात असतं. विमानतळ शेजारी, आपण फनेल झोनमध्ये, उंचीला मर्यादा. मजले चढत नाहीत, त्यामुळे बिल्डरचं गणित बसत नाही. बिल्डर चहा पिऊन जातो, चित्र सेक्रेटरींच्या कपाटात जातं, आणि वायरिंग १९६२ सालापासून जिथे आहे तिथेच राहतं.

इमारतीला तीस वर्षं झाली की स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं, हा महापालिकेचा नियम. इंजिनिअर येतात, खांबांवर हातोडीने टकटक करतात, गच्चीतल्या भेगांचे फोटो काढतात आणि सी-वन, सी-टू-ए, सी-टू-बी, सी-थ्री यांपैकी एक श्रेणी देऊन जातात. सी-वन म्हणजे रिकामी करा, सी-थ्री म्हणजे किरकोळ दुरुस्ती. हल्ली आमच्याकडे माणसं रक्तगटाआधी श्रेणी सांगतात. पण हा सगळा मामला सिमेंट आणि सळईचा. खांबावरून वायर गेलेली असली तर ती अलगद बाजूला धरून खांब ठोकला जातो. मुंबईतल्या आगींची कारणं काढून बघा, विजेतला बिघाड वर्षानुवर्षं पहिल्या नंबरावर आहे. खांब आपणहून पेटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

बिस्किटवाली पार्ले कंपनी आणि उपनगरांना वीज देणारी बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय या दोघींचा जन्म १९२९चा. एकीने गावाला वास दिला, दुसरीने उजेड. दुसरीचं पुढे रिलायन्स झालं, २०१८ साली अदानी झालं, तरी आमच्याकडे अजून "बीएसईएसचं बिल"च येतं. मीटरमधली फिरणारी चकती जाऊन लुकलुकणारे आकडे आले. पण कंपनीची जबाबदारी मीटरपाशी संपते. त्यापुढे सुरू होतो तो आपला संसार, आणि तिथे अजून काळे गोल खटके आहेत, सागवानी पट्ट्या आहेत, पट्ट्यांवर पत्र्याच्या क्लिपांनी आवळलेली रबरी वायर आहे आणि चिनीमातीचे फ्यूज आहेत.

ही वायर टाकली तेव्हा तिच्यावर अन्याय नव्हता, हेही सांगायला हवं. त्या काळी दोन खोल्यांच्या घरात साठ वॅटचे चार दिवे, दोन पंखे आणि एक रेडिओ. सगळं एकदम लावलं तरी अर्धा किलोवॅट भरत नसे. आणि एकदम लावणार कोण? खोलीतून बाहेर पडताना मागचा दिवा घालवणं हा त्या पिढीचा कुळधर्म होता. दोन अँपिअरच्या आसपास सगळा कारभार. आज त्याच दोन खोल्यांत दोन किलोवॅटचा गीझर, दोन एसी, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन, इंडक्शन आणि मिक्सर आहे. बेरीज नऊ-दहा किलोवॅटवर जाते, म्हणजे चाळीसेक अँपिअर. वायर तापते ती प्रवाहाच्या वर्गाच्या हिशेबाने. प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट, तिप्पट तर नऊपट. हे पार्ले टिळक विद्यालयातल्या दहावीच्या कुठल्याही मुलाला झोपेतून उठवून विचारा, सूत्रासकट सांगेल. तोच मुलगा घरी येऊन टोस्टर, केटल आणि इस्त्री एकाच एक्स्टेन्शन बोर्डात लावेल. बोर्डाचं दुसरं टोक ज्या प्लगात गेलेलं असतं तो पाच अँपिअरचा, टेबलफॅनसाठी बसवलेला. विजेच्या बिलावर "मंजूर भार" अशी एक ओळ असते. ती वाचलेला माणूस मला अजून भेटायचाय. सगळे शेवटचा आकडा बघतात आणि "बापरे" म्हणतात.

आमच्या दुसऱ्या मजल्यावर अण्णा राहतात. अण्णा निवृत्त इंजिनिअर. पार्ल्यात निवृत्त इंजिनिअरांची घनता इतकी आहे की बल्ब बदलायला स्टूल मांडलं तरी खाली तिघे जमतात आणि त्यांत एकमत होत नाही. अण्णांचा अभिमानाचा विषय त्यांचा फ्यूज. "आमच्याकडे तीस वर्षांत एकदाही फ्यूज उडालेला नाही," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. ऐकणाऱ्यालाही कौतुक वाटतं. खरं म्हणजे हे वाक्य ऐकल्यावर पायऱ्यांकडे धाव घ्यायला हवी. फ्यूजचं काम उडणं हेच आहे. भार वाढला की वायर तापायच्या आत फ्यूजमधली बारीक तार वितळते आणि वीज तुटते. अण्णांच्या फ्यूजमध्ये कुणी एके काळी, बहुधा क्रिकेटची मॅच चालू असताना, जुन्या इस्त्रीच्या वायरीतले चार-पाच पदर एकत्र पिळून घातलेले आहेत. आता तो फ्यूज उडायचा नाही. त्याच्याआधी भिंत उडेल.

अण्णांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, प्रांत वेगळा. काकूंकडे फ्रीज उघडायला चप्पल लागते. ही त्या घरातली रीतच आहे. फ्रीजसमोर रबरी स्लिपरांचा एक जोड कायम ठेवलेला असतो, आणि पाहुणा स्वयंपाकघरात गेला की आतून हाक येते, "अहो, आधी चप्पल घाला हो!" नवी सून आली तेव्हा तिला देव कुठे, डाळ-तांदळाचे डबे कुठे आणि फ्रीजची चप्पल कुठली, हे एका दमात सांगण्यात आलं. फ्रीजच्या दाराला हात लागला की मुंग्या येतात. "शॉक नाही गं तो, नुसतं झिणझिणतं," असं काकू म्हणतात. त्यांच्या मते शॉक म्हणजे माणूस फेकला गेला पाहिजे.

या झिणझिणण्यामागची कथा मला नंतर कळली आणि मी थक्क झालो. पूर्वी अर्थिंगची तार नेऊन पाण्याच्या लोखंडी पाइपाला बांधायची पद्धत होती. पाइप जमिनीत जातो, म्हणजे गळती वीजही जमिनीत जाते. पुढे पाइप गंजले. सोसायटीने ठराव करून, तीन कोटेशनं मागवून, प्लास्टिकचे पाइप घातले. पाण्याला जोर आला, सगळे खूश. त्या दिवशी आख्ख्या इमारतीचं अर्थिंग गेलं. ज्या प्लंबरने ते कापलं त्यालाही पत्ता नाही. तार मात्र अजून पाइपाला इमानाने बांधलेली आहे.

आपल्याकडे सुरक्षिततेच्या कुठल्याही सोयीला बगल कशी द्यायची, याचं ज्ञान ती सोय बाजारात यायच्या आधीच घराघरांत पोचतं. नव्या सॉकेटला आतून पडदे असतात. अर्थची लांब पिन आधी आत जाते, तिने पडदे उघडतात, मग बाकीच्या दोन पिना शिरतात. पोराने खिळा घातला तर जीव वाचावा म्हणून ही योजना. पण दोन पिनांचा चार्जर त्यात जात नाही. मग वरच्या भोकात बॉलपेन खुपसून पडदे उघडायचे आणि चार्जर आत सारायचा. हे करणारे असतात घरातले आजोबा, आणि शेजारी उभं राहून डोळे विस्फारून बघणारा असतो ज्याच्यासाठी पडदे बसवले तो नातू. दिवाळीत तर विचारूच नका. आकाशकंदिलाच्या वायरीला प्लग लावणं हा आमच्याकडे बावळटपणा समजतात. वायरीची सोललेली टोकं सॉकेटात घालायची आणि वर काडेपेटीच्या दोन काड्या खोचायच्या. पेट घ्यायला लागणारं सगळं साहित्य एका जागी.

आता वासाची गोष्ट. स्टेशनाजवळचा बिस्किटांचा कारखाना चालू होता तोवर पार्ल्यात कसलाही वास आला तरी काळजी नसे. "काहीतरी जळतंय का?" असं कुणी म्हटलं की घरातून उत्तर ठरलेलं: "कारखाना आहे." २०१६ साली कारखाना बंद झाला आणि ही सोय गेली. आता वास आला की तो कुणाच्या तरी घरातूनच येतो, हे मान्य करावं लागतं. काकूंच्या घरात वास यायला लागला तो ऐन श्रावणात, आणि तो होता मासळीचा.

काकूंच्या घरी पिढ्यानपिढ्या अंडंसुद्धा शिरलेलं नाही. रोज सकाळी सहा ते सात, स्वच्छ मासळी. नंतर दिवसभर काही नाही. काकूंनी दोन आणि दोन चार केले. वरच्या मजल्यावर नुकतेच भाडेकरू आले होते, आडनाव पाटीवर लावलेलं नव्हतं. पार्लेकर सरळ भांडत नाही, तो सूचित करतो. काकूंनी जिन्यात गाठून वरच्या बाईंना सांगितलं, "आमच्याकडे चातुर्मास कडक असतो हो." त्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडेसुद्धा." हे उत्तर काकूंना उद्धट वाटलं. त्यांनी उदबत्त्या वाढवल्या. मग सेक्रेटरींकडे तक्रार गेली. सेक्रेटरी तक्रारीचा कागद घेऊन वर गेले आणि तसेच कागद घेऊन खाली आले, कारण वरूनही तक्रार तयार होती: खालच्या मजल्यावरून रोज सकाळी मासळीचा वास येतो. वरचं कुटुंब घाटकोपरहून आलेलं जैन. कांदालसूणही खात नव्हते.

छडा लावला तो आमच्या वायरमनने. तो आला होता भलत्याच कामाला, जिन्यातला दिवा लावायला. गडी मालवणचा, त्यामुळे मासळी आणि वायर या दोन्ही विषयांत त्याचा शब्द प्रमाण. त्याने काकूंच्या दारात उभं राहून एकदा नाक वर केलं आणि म्हणाला, "काकू, ह्यो बांगडो नाय. बटन जळता हा." सरळ न्हाणीघराबाहेरच्या बोर्डापाशी गेला, मेन बंद केला आणि गीझरच्या बटणाचं झाकण उघडलं. आतला पांढरा भाग खरपूस तपकिरी झाला होता. वायरीचा स्क्रू ढिला. ढिल्या जोडात प्रवाहाला अडथळा, अडथळ्यापाशी उष्णता, आणि बटणाचं कडक प्लास्टिक त्या उष्णतेने हळूहळू शिजत होतं. स्विच-प्लगसाठी जे प्लास्टिक वापरतात त्यातलं एक असं आहे की ते तापलं की त्यातून सुटणारा वायू नाकाला थेट मासळीसारखा लागतो. मासळीच्या वासातली रसायनंही त्याच कुळातली. काकूंना हे ऐकून जरा बरं वाटलं, मग लक्षात आलं की रोज सकाळी आपण अंघोळीला जात होतो तेव्हा बाहेर हे चाललं होतं, आणि त्या खुर्चीवर बसल्या. वरच्या बाईंना त्या संध्याकाळी साटोऱ्या गेल्या.

मग वायरमनने सागवानी पट्टीचं एक टोक उचकून दाखवलं. वायरीवरचं रबर हात लावल्याबरोबर शंकरपाळ्यासारखं मोडून खाली पडलं. रबराचं आयुष्य कधीच संपलेलं होतं, केवळ कुणी हलवलं नव्हतं म्हणून ते तारेला धरून होतं. पुढे एका ठिकाणी हिरवी वायर निघाली. हिरवी म्हणजे अर्थिंग, हा नियम. वायरमनने मेन पुन्हा चालू करून टेस्टर टेकवला तर भक्कन दिवा लागला. "मागच्या माणसाकडे त्या दिवशी हिरवीच शिल्लक असणार," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. व्यवसायबंधूविषयी जितका कळवळा असतो तितका होता.

अण्णांनी तीस वर्षांच्या फ्यूजचा दाखला देऊन पाहिला, "जाणारच आहे" हेही म्हणून पाहिलं. काकूंनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्याच आठवड्यात काम सुरू झालं. भिंती फोडून झिऱ्या मारायच्या नाहीत, वरूनच प्लास्टिकची पट्टी टाकायची, हा वायरमनचा आग्रह. साठ वर्षांच्या भिंतीला ग्राइंडर लावला तर वायरिंग नवं होईल पण भिंत सी-वन होईल. सून म्हणाली, पट्टी दिसायला कशी दिसेल? वायरमन म्हणाला, "वहिनी, पट्टी दिसते म्हणून बरी. भिंतीत काय चाललंय ते कुणाला दिसतं?" दिव्या-पंख्यांना दीड एमेमची तार, पॉवर पॉईंटला अडीचची, एसीला चारची आणि ती थेट बोर्डातून स्वतंत्र. खाली आवारात खड्डा खणून अर्थिंगचं नवं इलेक्ट्रोड पुरलं. चिनीमातीचे फ्यूज जाऊन एमसीबींची रांग आली आणि रांगेच्या टोकाला एक जाडजूड आरसीसीबी.

या आरसीसीबीवर अण्णांचा पहिल्यापासून दात. "एमसीबी आहेत ना? मग हा कशाला?" हा प्रश्न निम्म्या पार्ल्याचा आहे, आणि वायरमनने त्याला दिलेलं उत्तर मला फार आवडलं. "अण्णा, एमसीबी वायरीला वाचवतो, हा माणसाला वाचवतो." सोळा अँपिअरचा एमसीबी सोळाच्या वर गेल्याशिवाय हलत नाही. माणसाच्या छातीतून अँपिअरचा दहावा भाग गेला तरी कारभार आटोपतो, एमसीबीला त्याची खबरही नसते. आरसीसीबी बाहेर गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह ताडून बघतो. तीस मिलिअँपिअरची तूट आली, म्हणजे तेवढी वीज भलत्याच वाटेने, कदाचित कुणाच्या अंगातून, जमिनीत चाललीय. तो डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं तोडतो. त्याच्यावर "टी" लिहिलेलं एक लहान बटण असतं. ते अधूनमधून दाबून यंत्र जिवंत आहे का, हे बघायचं असतं. पार्ल्यात ते बटण कुणी दाबत नाही, कारण दाबलं की लाईट जाते.

काम झालं, लाईट लावली, फ्रीज लावला. खट्. सगळं घर काळोखात. पुन्हा वर केला. खट्. अण्णांच्या चेहऱ्यावर तीस वर्षांचं समाधान पसरलं. "बघ! जुनं होतं तेव्हा कधी असं झालं नव्हतं. काढ तो डबा." वायरमनने सगळे प्लग काढले आणि एकेक लावत गेला. मिक्सर ठीक, टीव्ही ठीक, मशीन ठीक. फ्रीजची पिन गेली की खट्. इतकी वर्षं जे काकूंच्या बोटांत झिणझिणत होतं त्याला आता जमिनीची वाट मिळाली होती, आणि आरसीसीबीने ते पहिल्या दिवशी पकडलं. नवा फ्रीज घ्यावा लागला. तो उघडतानाही काकू चप्पल घालतात. सवय.

सुनेच्या आग्रहाने मग सोसायटीनेही मीटररूमपासून वरपर्यंतच्या सामाईक वायरी बदलायचं ठरवलं. ठराव पंधरा मिनिटांत झाला, हा आमच्या सोसायटीतला विक्रम. पण वायरी बदलल्यावर आवारात जुन्या तारेचा ढीग पडला आणि खरी सभा तिथे सुरू झाली. भंगारवाला आला, तार चाळवून बघितली, पांढुरकी दिसली. म्हणाला, "ॲल्युमिनियम है, साब." भाव तसाच सांगितला. अण्णा खिशातला चाकू काढून पुढे सरसावले. त्यांनी तारेवरून पातं फिरवलं आणि आतून लालभडक तांबं चमकलं. जुन्या रबरात गंधक असायचं, ते तांब्याला खातं, म्हणून त्या काळी तारेला कथिलाचा मुलामा देत. अण्णा आयुष्यभर ज्या क्षणासाठी इंजिनिअर झाले होते तो हा. भंगारवाल्याने भाव वाढवला.

लगेच प्रश्न: पैसे कुणाचे? सोसायटीचे, असं सेक्रेटरी म्हणाले. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी हरकत घेतली: मीटररूमपासून आमच्या दारापर्यंतची तार सगळ्यांत लांब, तेव्हा वाटणी लांबीप्रमाणे व्हावी. तळमजल्यावरचे उसळले: जिन्यातल्या दिव्याचं बिल भरताना लांबी कुठे गेली होती? कुणीतरी उपविधींचं पुस्तक आणलं. भंगारवाला तराजू पुढ्यात घेऊन पायरीवर टेकला आणि त्याने बिडी पेटवली. दीड तास झाल्यावर कठड्याला टेकून उभा असलेला वायरमन हळूच म्हणाला, "सेक्रेटरीसाहेब, तेवढं माझं बिल..."

"ते पुढच्या सभेत," सेक्रेटरी म्हणाले. "आज तो विषय पत्रिकेवर नाही."